शिवनाथच्या उपनद्या

"भूपेन, फुंक कमी कशी माराची, थे शिकव मले."

शालिकराम असं म्हणाले तेव्हा भूपेंद्र भिंतीवरचा छत्तीसगडच्या नद्यांचा नकाशा उतरवत होता. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचा निकाल नुकताच लागला होता आणि मुलाखतीच्या यादीत त्याचा नंबर नव्हता. पहिल्या दोन खेपा पूर्वपरीक्षेतच गेल्या, तिसरी मुख्य परीक्षेत. चौथ्यांदा तो मुलाखतीपर्यंत पोचून हात हलवत परत आला आणि यंदा पुन्हा एक पायरी खाली. बत्तिसावं वर्ष गाठलेल्या माणसाला पायऱ्या चढण्याचं कौतुक उरत नाही, उतरणं मात्र झोंबतं. नेहरू नगरच्या क्लासमध्ये टेस्ट द्यायला गेला की नवी पोरं त्यालाच शिकवणारा समजून 'सर' म्हणत आणि उठून जागा देत.

"कसली फुंक, बाबा?"

"दवाखान्यात थे मशीन रायते ना, छातीची? नळीत फुंकाले लावते." शालिकराम दिवाणावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. बरीच वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या, कोळसा भाजणाऱ्या भट्टीच्या, धगीत काढलेला माणूस. आंघोळ केली तरी अंगाला डांबराचा वास राहायचाच. "माहा मेडिकल होनार हाय. कमी फुंकलो तं अनफिट. अनफिट झालो तं नौकरी तुले. दयारामच्या पोराले भेटली का नाई?"

दयाराम त्यांच्याच पाळीतला. हृदय बिघडलं, प्लांटच्या मेडिकल बोर्डानं घरी बसवलं आणि वर्षाच्या आत मुलगा कामाला लागला, एवढीच हकिकत सगळ्यांना माहीत होती. नियम काय, कोणत्या आजाराला लागू, ते नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं. पण पोळ्याच्या सुमाराला शालिकराम रिटायर होणार होते. मग प्लांटचं क्वार्टर सुटणार, आणि त्यानंतर अनफिट होऊन काही उपयोग नव्हता.

भूपेंद्रनं रागवायला हवं होतं. त्यानं विचारलं, "मेडिकल कधी आहे?"

विचारून झाल्यावर त्याला आपलाच आवाज ऐकू आला. हातातला नकाशा त्यानं उगीचच नीट गुंडाळला.

या नकाशावर बापाचाही हक्क होता. शालिकराम दहावी नापास, पण गाइड उघडून उत्तरावर बोट ठेवून प्रश्न विचारायचं काम त्यांनी एवढी वर्षं इमानानं केलं होतं. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. पाळीवरून आले की खालूनच हाक मारायचे, "भूपेन, डबा घ्याले ये!" भूपेंद्र खाली गेला की वर येताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून एक प्रश्न. बहुतेक एकच. "शिवनाथच्या उपनद्या सांग." तो भराभर सांगायला लागला की म्हणायचे, "हळू. घाईत एखादी रायते." खालच्या मजल्यावरचा कमलेश दारातून हसायचा, "काका, कलेक्टर बनाके ही छोड़ोगे क्या?"

"हे बघा बाबा," भूपेंद्र खुर्ची ओढून समोर बसला. प्राणिशास्त्रात एमएस्सी केलेला माणूस, समजावायला लागला की त्याचा आवाज आपोआप स्थिर व्हायचा. "हळू फुंकलं तर मशीनला कळतं. तीनदा फुंकायला लावतात. तिन्ही फुंका सारख्या आल्या पाहिजेत. एक बारीक, एक मोठी आली की समजायचं, माणूस नाटक करतोय."

"म्हंजे तिनदा सारखीच चोरी करा लागते."

"हो."

"कठीण हाय गा हे. तुह्या परीक्षेसारखंच."

दोघंही हसले. निकालानंतर पहिल्यांदाच हसले आणि तेही कशावर, हे भूपेंद्रला टोचलं. तरी तो उठला आणि आईकडून काडेपेटी घेऊन आला. मथुराबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी लाखोरीची भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्या फक्त देठं जरा जोरात मोडत होत्या.

त्यानं पंखा बंद केला, काडी पेटवली आणि बापाच्या तोंडापासून वीतभर लांब धरली. "ओठांचा चंबू करायचा नाही. तोंड मोठं उघडं ठेवायचं आणि फुंकायचं. आधी पूर्ण जोरानं. तुमची खरी फुंक किती ते कळल्याशिवाय कमी किती करायची ते कसं ठरवणार?"

शालिकराम सरसावून बसले. छाती भरून घेतली आणि फुंकले.

ज्योत वाकली. पुन्हा सरळ झाली.

"बाबा, नाटक नंतर. आधी खरं."

त्यानं दुसरी काडी पेटवली. ज्योत थरथरली, वाकली, उभी राहिली आणि जळत त्याच्या बोटांपर्यंत आली. त्यानं काडी टाकली.

"पाह्य!" शालिकराम म्हणाले. "एका झटक्यात शिकलो का नाई?"

क्षणभर भूपेंद्रचा विश्वास बसलाही. पण त्यानं पाहिलं होतं. फुंकताना बाबांनी दोन्ही हातांनी दिवाणाची कड घट्ट धरली होती. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या, आणि 'पाह्य' म्हणायच्या आधी त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला होता. नाटक करणारा माणूस एवढी मेहनत कशाला करेल?

त्यानं स्वतः करून पाहिलं. तोंड उघडं ठेवून, वीतभर अंतरावरून. काडी लगेच विझली. कदाचित काड्याच दमट असतील, आपण अंतर चुकवलं असेल, असं म्हणत त्यानं आईला बोलावलं. मथुराबाईंनी ओले हात पदराला पुसले, "काय पोरखेळ लावला बापलेकानं" म्हणत फुंक मारली. विझली.

"आता तुमी," भूपेंद्र म्हणाला. या वेळी शालिकराम हसले नाहीत. फुंकले, आणि ज्योत वाकून पुन्हा उभी राहिली.

मथुराबाई जळत्या काडीकडे बघत राहिल्या. "चाय बशीत वतून फुंकून पेत होते," त्या हळूच म्हणाल्या. "दिवाळीपासून म्हनते, थंडी करून दे."

मग शालिकरामांचा चेहरा उजळला. मुलाखतीचं पत्र आलं होतं त्या दिवशी उजळला होता, अगदी तसा.

"म्हंजे शिकाचं कामच नाई ना! नाटक बी नाई करा लागत. मी खराच अनफिट!"

"आग लागो तुमच्या नौकरीले!" मथुराबाईंनी काडेपेटी भिंतीवर भिरकावली. काड्या खोलीभर पसरल्या.

भूपेंद्र खाली वाकून त्या गोळा करू लागला, कारण त्याला चेहरा लपवायचा होता. एक विचार त्याच्या मनात येऊन गेला होता, एका श्वासाएवढाच. खरं असेल तर नोकरी पक्की. तो विचार त्याचाच होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो बाबांना नेहरू नगरच्या छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. क्लासच्या रस्त्यावरच ती पाटी होती. एवढी वर्षं तिच्याखाली सायकल लावली, वर कधी पाहिलं नव्हतं.

मशीनवर एक तरुण टेक्निशियन होता. त्यानं शालिकरामांच्या नाकाला चिमटा लावला, नळी तोंडात दिली आणि ओरडायला लागला, "फूँको काका, फूँको, फूँको, फूँको! और! और!" कागदावरची रेघ थोडी चढली आणि लोळण घेत पुढे सरकली. दुसऱ्यांदाही तसंच. त्यानं वैतागून चिमटा काढला.

"कहाँ काम करते हो काका? प्लांट में?"

शालिकरामांनी मान हलवली.

"मेडिकल आया होगा. प्लांटवाले सब ऐसे ही फूँकते हैं. देखो काका, नाटक मत करो, ठीक से फूँको."

"नाटक नहीं कर रहे हैं," भूपेंद्र म्हणाला. आवाज इतका चढला की बाहेर बसलेले लोक आत डोकावले.

शालिकरामांनी नळी हातात घेतली आणि मुलाकडे पाहिलं. गाइडमधल्या उत्तरावर बोट ठेवून ते पाहायचे तसं नाही. उत्तर माहीत नसलेल्या माणसासारखं.

"भूपेन, किती फुंकू?"

कमी फुंका, असं म्हणता आलं असतं. रिपोर्ट आणखी वाईट आला असता, नोकरी आणखी जवळ आली असती. पाचही परीक्षांत त्याला इतका सोपा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"सारी फुंका, बाबा. असंल नसंल तेवढी सारी."

बाबांनी सारी फुंकली. डोळ्यांत पाणी आलं. भूपेंद्र रेघेकडे बघत होता आणि मनात म्हणत होता, चढ. एवढ्या आशेनं त्यानं कुठल्याही निकालाच्या यादीकडे पाहिलं नव्हतं. रेघ तेवढीच चढली. तिसरी फुंक पहिल्या दोन्हींवर हुबेहूब बसली.

टेक्निशियन कागद घेऊन डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी सांगितलं, श्वासाच्या नळ्या आखडल्या आहेत, एका दिवसाचं दुखणं नाही. औषधानं जेवढं आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. ओव्हनची धग आणि धूर ताबडतोब बंद.

"डॉक्टरसाब," शालिकरामांनी विचारलं, "इसमें लड़के को नौकरी मिलती है क्या?"

"वो मैं नहीं जानता. आप सीढ़ियाँ कम चढ़िए."

घरी आले तेव्हा कमलेश दारात उभा होता. तो काही विचारणार, तेवढ्यात भूपेंद्रनं नुसती मान हलवली. दोघं जिना चढू लागले. पहिल्या वळणावर शालिकराम थांबले. एक हात कठड्यावर ठेवला, दुसरा सहज ठेवल्यासारखा कमरेवर.

"शिवनाथच्या... उपनद्या सांग."

भूपेंद्र ज्या पायरीवर होता तिथेच उभा राहिला. हा प्रश्न त्याला किती वेळा विचारला गेला होता. रोज, याच वळणावर, याच कठड्याला धरून. तो भराभर उत्तर द्यायचा आणि वर पळायचा.

"तांदुला," तो म्हणाला आणि थांबला.

बाबांची छाती वरखाली होत होती.

"खरखरा."

"हं."

"खारून. कुम्हारीच्या पुढे पुलाखालून जाते ती. रायपूरला पेपर द्यायला जाताना लागायची." तो जाणून रेंगाळत होता. "मग हाफ. आगर. मनियारी."

"हळू," बाबा म्हणाले.

"हळूच सांगतो. अरपा. लीलागर."

वरच्या मजल्यावर दार उघडलं. मथुराबाई कठड्यावरून खाली बघत होत्या, पण त्यांनी हाक मारली नाही.

"जमुनिया."

उपनद्या संपल्या. बाबांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. भूपेंद्रनं महानदीच्या सुरू केल्या.