दुखत नाही तेव्हाच

खजुरीत चंद्रम्माच्या अंगणात सकाळपासून शेवया चालल्या होत्या. शेवयांचं यंत्र बाजेला आवळून बांधलेलं. नणंद रेणुकाबाई दांडा फिरवत होती, चंद्रम्मा पिठाचे गोळे भरत होती, आणि श्रीदेवी खाली उतरणाऱ्या शेवया हातावर झेलून दोरीवर टाकत होती. वैशाखात श्रीदेवीचं लग्न होतं. लग्नघरी आत्याच्या हातच्या शेवया लागतात, म्हणून रेणुकाबाई दोन दिवसांसाठी माहेरी आली होती.

"वैनी, पीठ लई घट्ट मळलाव. जावयाचे दात पाडायचेत काय?"

"तुमच्या दंडात जोर न्हाई म्हणा की वन्सं."

"मज्या? बगा आता!" रेणुकाबाईनं दांडा असा फिरवला की बाज हलली. श्रीदेवी खदखदून हसली.

चंद्रम्मालाही हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. एकेचाळीस वर्षांची, भरल्या अंगाची, कधी डोकं दुखलं म्हणून न झोपलेली ही बाई. नाक, कपाळ, हसताना उजवा डोळा बारीक करायची सवय, सगळं भावासारखं. चंद्रम्माच्या नवऱ्यासारखं.

भीमाशंकर जाऊन दीड वर्ष झालं होतं. शेहेचाळीसावं लागलं होतं त्याला. शौचातून रक्त जाई, तो मूळव्याध म्हणे. कुणीतरी झाडपाला दिला, कुणीतरी दोरा बांधला. सोलापूरच्या दवाखान्यात नेलं तोवर आतड्यातला कॅन्सर यकृतापर्यंत चढला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चंद्रम्माला बाजूला घेऊन विचारलं होतं, "यांच्या घरात आणखी कोण असं पोटाच्या आजारानं गेलं?"

"सासरे गेले. एक आत्या गेली. देवाचं बकरं चुकलं म्हणत होते."

"बाई, यात देवाचा काही दोष नाही. काही घरांत हा आजार रक्तातून उतरतो. यांच्या सख्ख्या भावंडांना, चुलत्यांना सांगा. दुर्बिणीनं आतडं तपासून घ्या. आधी तिथं मोडासारखी लहानशी गाठ येते. ती वर्षानुवर्षं दुखत नाही. तेव्हाच काढली तर पुढचं टळतं. तुमच्या मुलीनंही पंचविशीला लागली की दाखवायचं. दुखायला लागल्यावर येऊ नका. दुखत नाही तेव्हाच या."

हे शब्द मनात जपून चंद्रम्मा गावी परतली. पण दिवसकार्य झालं त्याच दिवशी चुलत सासरे माणिकराव यांनी भावकी बसवली. मधे परातीत मैलार मल्लण्णाचा भंडारा, देवाची हळद, ठेवला.

"भीमाच्या पोटात वारं धरलं आन तो गेला," म्हातारा म्हणाला. "दुसरं काई झालं न्हाई. रोगाचं घर म्हणून एकदा नाव पडलं की ह्या घरची पोरगी कुणी करायचं न्हाई, ह्या घरात कुणी पोरगी द्यायचं न्हाई. कुणी तोंडातनं काडायचं न्हाई. उचला."

एकेकानं चिमूट उचलून जिभेवर ठेवली. चंद्रम्मानंही ठेवली. मांडीवर डोकं टेकून बापाविना झालेली श्रीदेवी झोपली होती. तिच्याकडे बघूनच ठेवली. आमच्याकडे कोर्टातली शपथ मोडतात, भंडाऱ्याची मोडत नाहीत. रेणुकाबाई त्या दिवशी विटाळशी म्हणून बाहेर गोठ्यापाशी बसली होती. तिला यातलं काहीच कळलं नाही.

"वैनी, कुठं हरवलाव? गोळा द्या की."

"हां, घ्या."

"आता हात चालवा. लगीन झालं की आमी हैदराबादला चाललाव. बांधकामाच्या मेस्त्रीनं खोली बगून ठेवलीय, मालकाला न मला दोघांला बी काम हाय. दोन वर्षं तरी तोंड दिसायचं न्हाई."

चंद्रम्माच्या हातातला गोळा परातीत पडला. दोन वर्षं. भीमाशंकरचं रक्त दिसू लागल्यापासून तो जाईपर्यंत तेवढाही काळ लागला नव्हता.

"वन्सं, जायच्या आदी एकदा सोलापूरला दवाखान्यात दाखवून घ्या की."

"कामून? मला काय झालंय? ताटभर जेवायले, ढाराढूर झोपायले. दुखण्याला काय अक्षता देऊन बोलवू?"

चंद्रम्मानं पुढचा गोळा यंत्रात भरला. तिच्या जिभेवर जणू अजूनही ती पिवळी चिमूट होती.

दुसरा दिवस रविवार, मल्लण्णाचा. चंद्रम्माचा उपास असे. तिनं दिवा लावला, बेल वाहिला, पण हात जोडले तरी मन जुळेना. भंडाऱ्याला खोटं पडलेल्या घराच्या गोष्टी ती लहानपणापासून ऐकत आली होती. कुणाचे डोळे गेले, कुणाचं पोर गेलं. तिच्या घरात पोर एकच. देवा, शिक्षा केलीस तर माझी श्रीदेवी नेशील काय? आणि बोलले नाही तर? तर रेणुका जाईल, आणि ती जाताना मला ठाऊक असेल. दिव्याची वात तिनं पुन्हा पुन्हा पुढं सारली. मग तिच्या मनात आलं, मेंढरामागं फिरणारा, लांडग्यापासून कळप राखणारा हा देव. लांडगा दिसूनही गप्प बसावं, असं तो कसं सांगेल?

माळवदावर रेणुकाबाई शेवया उलटत होती. चंद्रम्मा वर गेली आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांचं, आत्याचं, डॉक्टरीणबाईंचं, भंडाऱ्याचं.

रेणुकाबाईच्या हातातल्या शेवयांचा चुरा झाला. मग म्हणाली, "दीड वरीस?"

"वन्सं..."

"दीड वरीस तुमाला ठाव हुतं? सणाला मी इथं येऊन पुरणपोळी खाल्ले, तवा बी ठाव हुतं? मी मेले असते तर काय केला असताव, हो वैनी? मज्या दिवसाला बी भंडारा उचलला असताव?"

चंद्रम्मानं मान खाली घातली. 

"आन तिथनं दुर्बीण घालणार? बाप्या माणसासमोर? त्यापरीस मेलेलं बरं."

"तुमचे अण्णा बी हेच म्हणले हुते," चंद्रम्मा हळूच म्हणाली.

रेणुकाबाईनं सांडलेला चुरा ओंजळीत गोळा केला. मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "कवा जायचं?"

ही गोष्ट माणिकरावांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. ते काठी टेकत आले आणि अंगणातूनच ओरडले, "चंद्रम्मा! काय करायलीस तू? पोरीच्या लग्नाच्या तोंडावर आपल्याच घरात आग लावायलीस?"

"अप्पा, आग आदीच लागलीय. तुमी नुसतं दार लावून घेतलाव."

"देव बगून घेईल तुला!"

"बगू द्या. पाप लागलं तर मज्या जिभेला लागंल. वन्संला मी नेणार."

भावकीतल्या बायका दारातून बघत होत्या. त्यांतली एकही पुढं आली नाही.

चार दिवसांत नवऱ्या मुलाकडचा निरोप आला: यंदा राहू द्या, पुढं बघू. पुढं बघू म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. श्रीदेवी आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून रडली. माळवदावर वाळलेल्या शेवया कुणी उतरवल्या नाहीत. चंद्रम्मा दाराशी बसून राहिली. हीच काय देवाची शिक्षा?

संध्याकाळी पोर बाहेर आली. डोळे सुजलेले. "अव्वा, आत्यासंगं मी बी येते सोलापूरला. तुला एकटीला जमायचं न्हाई."

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट धुवून निघायचं औषध प्यावं लागतं. सोलापुरात दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत रेणुकाबाईच्या फेऱ्या चालू झाल्या. "वैनी, आतडं बी भायेर पडंल आता. मग दुर्बीण कशात घालणार?" ती म्हणाली. तिघी हसल्या, आणि हसता हसता रेणुकाबाईनं चंद्रम्माचा हात गच्च धरला. 

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. दार बंद झालं. चंद्रम्मा बाकावर नामस्मरण करू लागली, पण नाव अर्ध्यावर तुटे. याच बाकावर ती भीमाशंकरसाठी बसली होती. दार कुरकुरलं की ती उठून उभी राही. श्रीदेवी भिंतीला टेकून उभी होती. या दारातून एक दिवस आपल्यालाही आत जायचं आहे, हे तिला आता कळलं होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "तीन गाठी होत्या. तिन्ही काढल्या. एक सुपारीएवढी होती. ती तपासायला पाठवली आहे."

पुढचा आठवडा चंद्रम्मानं फक्त एका वेळच्या दूध-भाकरीवर काढला. निकाल आला. सुपारीएवढी गाठ बिघडायला लागली होती, पण बिघाड गाठीच्या आतच होता. आतडं वाचलं होतं. "रेणुकाबाई, तुम्ही दुखण्याची वाट बघत बसला असता, तर मला तुमच्या भावाला सांगितलं तेच सांगावं लागलं असतं," बाई म्हणाल्या. "आता दरवर्षी यायचं."

"येते की," रेणुकाबाई म्हणाली. मग तिथंच, सगळ्यांसमोर, ती वहिनीच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली.

खजुरीला परतल्यावर दोन दिवसांनी, टळटळीत दुपारी, माणिकराव आले. या वेळी ओरडले नाहीत. काठी भिंतीला लावून उंबऱ्याशी बसले. चंद्रम्मानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, तो त्यांनी नुसता हातात धरला.

"रेणुकाचं बरं हाय म्हणं."

"व्हय अप्पा."

म्हाताऱ्याचं धोतर कंबरेवर सैल झालं होतं. गालफडं आत गेली होती. इतके दिवस त्यांच्या आवाजालाच सगळे भीत होते, शरीराकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"चंद्रम्मा," ते खाली बघत म्हणाले, "मला वरीस झालं रगत जायलंय."

चंद्रम्मा त्यांच्यापुढं खाली बसली. "आन कुणाला बोलला न्हाईत?"

"कुणाला बोलू?" म्हाताऱ्याचा आवाज फुटला. "सगळ्यांची तोंडं मीच बांधली हुती की."