अर्धा गर

सुनेने हातोडी उचलली आणि अख्खीबाईने श्वास रोखून धरला. टोपलीत शेवटची बी उरली होती.

"अख्खीबाई, बिया सून फोडतेय आणि घाम तुम्हाला!" समोरची बाई हसली.

"उकडतंय मेलं."

उकडतंय कसलं, जीव टांगणीला लागला होता. बिया फोडायच्या शेडमागे, सगळ्या जंगलाच्या वर डोकं काढून एक झाड उभं होतं. त्याला सगळे थोरला म्हणत. थोरल्याची फळं तोडायची नाहीत, आपणहून पडली की वेचायची. आतल्या बिया म्हणजे नुसते दगड. शिवणीवर नेमका घाव बसला तर गर अख्खा निघतो आणि पेटीत भरून दूरदेशी जातो. मोडला, तर जिने मोडला तिनेच तो सगळ्यांसमोर खायचा आणि हसं करून घ्यायचं, हा शेडचा रिवाज.

अख्खीबाईवर ती पाळी कधी आलीच नाही. शिकताना मिळाल्या त्या किडक्या बिया आणि पुढे निघाले ते सगळे गर अख्खे. दुसरीच्या मोडक्या तुकड्याला हात लावायचा तिचा स्वभाव नव्हता. उभा जन्म थोरल्याच्या सावलीत गेला, पण गराची चव तिला ठाऊक नव्हती. एकदा बोलता बोलता ती हे सुनेपाशी बोलून गेली होती.

आता मनगट साथ देईना. खिडकीजवळची तिची मानाची जागा रिकामी होणार होती. टोपलीभर बियांतला एकही गर मोडला नाही तर ती सुनेला, असं मुकादमीणबाईंनी ठरवलं होतं.

सुनेने बी शिवणीवर धरली. सासूकडे पाहिलं. मग बोटांत फिरवून बी आडवी केली.

"अगं, काय करतेस!"

घाव बसला. शेडभर 'अरेरे' झालं. सुनेने अर्धा गर आपल्या तोंडात टाकला आणि उरलेला सासूच्या हातावर ठेवला.

"खा आई."

"वेडी का गं तू? हाताशी आलेली जागा..."

"खा ना."

मुकादमीणबाई जवळ आल्या. "मोडला म्हणायचा. मग जागेचं..."

अख्खीबाईने तळहात पुढे केला. गर मधोमध दुभंगला होता, सुरीने कापावा तसा. कडेला कणही सुटलेला नव्हता.

"हात चुकला की चुरा होतो, बाई. असा तर मलाही जमला नसता."

मुकादमीणबाईंनी तो अर्धा गर उलटून पालटून पाहिला आणि परत दिला. मग त्यांनी एक भरलेली टोपली उचलली, खिडकीजवळ नेऊन ठेवली आणि सुनेला बसायची खूण केली.

अख्खीबाईने गर तोंडात टाकला. सावकाश, डोळे मिटून चावत राहिली. हसलं कुणीच नाही.

"कसा लागतो हो?" समोरच्या बाईने हळूच विचारलं.

अख्खीबाईने डोळे पुसले आणि मान ताठ केली.

"माझ्या सुनेच्या हातचा आहे. कसा लागेल?"