भाच्यासाठी शपथ

गेरुल्फ सरदाराला सम्राटाने सरहद्द राखायला पाठवलं तेव्हा तो ऐन तिशीत होता. नदीच्या अलीकडे फ्रँक, पलीकडे ब्रेटन. आधीच्या सरदारांनी दर उन्हाळ्यात पलीकडची गावं जाळली होती आणि दर हिवाळ्यात अलीकडची जळताना पाहिली होती. गेरुल्फने नदीच्या उतारापाशी, पायी ओलांडता येईल अशा उथळ जागी, बाजार भरवायला सुरुवात केली. ब्रेटन मीठ, मध आणि घोडी घेऊन यायचे; फ्रँक धान्य आणि लोखंड आणायचे. बाजारात हत्यार उपसायचं नाही, एवढी एकच अट. ब्रेटन भाषाही तो तिथेच शिकला, आधी शिव्या आणि मग बाकीचं.

ती अट मोडली त्याच्याच घरातल्याने.

हाट्टो हा त्याच्या विधवा बहिणीचा, आडेलिंडचा मुलगा. गेरुल्फला मूलबाळ नव्हतं. हाट्टोला त्यानेच घोड्यावर बसायला शिकवलं होतं. वसंतातल्या बाजारात हाट्टोने रिवाल नावाच्या ब्रेटन घोडेवाल्याला ठार केलं. "त्यानेच आधी सुरा काढला," असं तो सगळ्यांना सांगत सुटला. त्याचे सोबतीही माना डोलवत होते.

प्रेत गाडीत घालायला गेरुल्फने स्वतः हात लावला. वार मानेवर होता, मागून.

ब्रेटनांचा म्होरक्या कोनवाल न्यायाची मागणी घेऊन आला. गेरुल्फने पुढच्या रविवारी देवळापुढे सभा बोलावली. फ्रँकांचा कायदा सोपा होता. आरोपीने संताच्या अस्थींवर हात ठेवून शपथ घ्यायची आणि त्याच्या माणसांनीही तो खरं बोलतोय अशी शपथ घ्यायची. पुरेसे हात पडले की माणूस निर्दोष सुटला.

"मामा, तुम्ही हात ठेवलात की बाकीचे आपोआप ठेवतील," हाट्टो म्हणाला.

"त्याच्या हातात सुरा होता?"

"होता म्हणजे... कमरेला होता."

"कमरेला माझ्याही आहे."

त्या संध्याकाळी आडेलिंडने भावाच्या पुढ्यात डुकराचं मांस आणि पाव वाढला आणि ती तिथेच उभी राहिली.

"दादा, माझा नवरा तुझ्या लढाईत गेला. मी कधी एक शब्द बोलले?"

"नाही बोललीस."

"मग आता बोलते. एका घोडेवाल्यासाठी माझं पोर घालवू नकोस."

"आडे, मी ते प्रेत उचललंय."

"आणि ह्याला उचलून कडेवर घेतलं होतंस ना? ते विसरलास?"

गेरुल्फने ताट सरकवलं. विसरला नव्हता, म्हणून तर घास उतरत नव्हता. शपथ घेतली असती तर त्याला कोण विचारणार होतं? सम्राट दूर होता, पाद्री आपलाच होता. ब्रेटनांनी मात्र पुन्हा कधी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नसता. पण खरं सांगायचं तर त्याला त्याचीही एवढी भीती नव्हती. ज्या हाताला त्या मानेचं रक्त लागलं होतं तो हात अस्थींवर ठेवायचा, हेच त्याला जमण्यासारखं नव्हतं.

रविवारी देवळापुढे दोन्ही काठांची माणसं जमली. कोनवालबरोबर रिवालची आई आर्गांत आली होती, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. हाट्टोने अस्थींच्या पेटीवर हात ठेवला आणि मामाकडे पाहिलं. सोबत्यांनीही पाहिलं.

गेरुल्फ जागचा हलला नाही. "मी ह्याच्यासाठी शपथ घेणार नाही," तो म्हणाला. मग तेच त्याने ब्रेटनमध्ये सांगितलं.

बाकी एकाचाही हात पुढे आला नाही. हाट्टोने पेटीवरचा हात हळूच मागे घेतला. दोषी ठरला. त्याचा जीव राखायचा तर भरपाई द्यावी लागणार होती. गेरुल्फने आपल्या गोठ्यातल्या गाई देऊ केल्या, आणि कोनवालने म्हातारीकडे पाहिलं.

"गाई घेईन, नातवंडं आहेत," आर्गांत गेरुल्फला म्हणाली. "पण आधी त्याला विचार, माझा रिवाल शेवटी काय बोलला?"

गेरुल्फने विचारलं. हाट्टोने मान खाली घातली.

"मामा, नका ना..."

"बोल. तिच्याकडे बघून बोल."

"तो माझ्या घोडीचा खूर बघत होता, वाकून. खुरात खडा होता. म्हणाला, तुम्हा फ्रँकांना घोड्यावर बसता येतं, घोडं कळत नाही. सगळे हसले. मी... मला राग आला."

गेरुल्फने ते म्हातारीला ब्रेटनमध्ये सांगितलं. वाटलं असतं तर त्याला शब्द थोडे मऊ करता आले असते. त्याने केले नाहीत. म्हातारीने ऐकलं आणि तिचं तोंड हसल्यासारखं झालं.

"हं. असाच होता मेला. बापासारखा तोंडाळ." मग तिने गेरुल्फकरवी हाट्टोला विचारलं, "खडा काढला होता त्याने?"

"काढला होता," हाट्टो म्हणाला आणि सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडू लागला. म्हातारीने त्याच्याकडे पाठ केली. ती सुनेला घेऊन खाली उताराकडे निघाली.

हाट्टो त्याच आठवड्यात दूर सॅक्सनांच्या मुलखात लढणाऱ्या सम्राटाच्या सैन्यात गेला. निरोप घेताना त्याने मामापुढे गुडघा टेकला आणि लगेच घोड्यावर बसला. आडेलिंड मठात राहायला गेली. गेरुल्फ दर सणाला मठाच्या दाराशी जायचा. ती कधी भेटायची, कधी डोकं दुखतंय म्हणून आतूनच निरोप पाठवायची.

दोन उन्हाळ्यांनी सम्राटाचा हुकूम आला आणि ब्रेटनांवर स्वारी झालीच. गेरुल्फला सैन्य घेऊन तोच उतार ओलांडावा लागला. आर्गांतच्या गावाला हात लावायचा नाही, अशी त्याने सैनिकांना ताकीद दिली. त्यांनी ती बव्हंशी पाळली. गावाच्या टोकाचा एक गोठा तेवढा जळला. गेरुल्फ परत येत असताना कोनवालने झाडीतून त्याला पाहिलं, असं मागाहून कोनवालनेच त्याला सांगितलं. "बाण लावला होता मी," तो म्हणाला. "मग म्हटलं, तुझ्या जागी येणाऱ्याला आमची भाषा परत पहिल्यापासून कोण शिकवणार!"

गेरुल्फ हसला. हिवाळा सरताच त्याने बाजार पुन्हा भरवला. पहिल्या दिवशी पलीकडून फक्त मिठाच्या दोन गाड्या आल्या.