काचेच्या धाग्यातले कुंकू

मित्रांनो, चाकणच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एकवीस वर्षे उभे असलेले मी एक जुने वाइंडिंग मशीन आहे. आज मी जरा चिडून बोलणार आहे. मशीनला तोंड नसते, म्हणून राग आतच साठत जातो.

पूर्वी मी पाण्याच्या मोटारींसाठी तांब्याची तार गुंडाळत असे. पुनावळ्याच्या शालनबाई मला चालवत. तार सैल पडली की आधी त्यांच्या बोटाला कळे. मालक रंगराव म्हणत, "शालनबाई आहेत तोवर या मशीनला मेकॅनिक नको."

मग युद्धाची रीत बदलली. आता दप्तरात मावेल एवढे छोटे, स्वस्त ड्रोन भल्यामोठ्या रणगाड्याला निकामी करते. ते रेडिओलहरींवरून हुकूम घेते. म्हणून शत्रू त्याच लहरींत गोंगाट सोडतो. ड्रोनला हुकूम कळत नाही आणि ते भरकटते. त्यावर उपाय निघाला धाग्याचा. ड्रोनच्या पोटाशी काचेच्या, केसाएवढ्या बारीक धाग्याचे रीळ बांधतात. ड्रोन पुढे जाते तसा धागा मागे सुटत जातो आणि हुकूम त्यातून प्रकाशाच्या रूपाने पोचतो. तिथे गोंगाट शिरू शकत नाही. मात्र धागा तुटला की सगळे संपले.

रंगरावांचा मुलगा दिग्विजय याने अशी दहा किलोमीटरची रिळे भरण्याचे काम आणले. ते माझ्याकडे आणि शालनबाईंकडे आले.

नेमकी त्याच आठवड्यात खंडेनवमी होती. शालनबाईंनी मला पुसून लख्ख केले, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिले. थोडे कुंकू माझ्या छोट्या पुलीच्या खाचेत पडले, जिथून धागा सरकतो तिथेच. तांब्याच्या तारेला त्याने कधी काही झाले नव्हते. काचेच्या धाग्याला मात्र एकेक कण ओरखडे काढू लागला. मला ते जाणवत होते. सांगू कसे?

माळावर चाचणी झाली. तिसऱ्या किलोमीटरला धागा तुटला आणि ड्रोन खाली कोसळले. दिग्विजय तणतणत शेडमध्ये आला.

"मावशी, वय झालं तुमचं. हात थरथरतो."

"हात न्हाई थरथरत, साहेब. मशीनचंच कायतरी बिनसलंय. खोलून बघा की."

"का? तुमच्या कानात सांगितलं का मशीननं?"

सगळे हसले. मी सांगतच होते, मित्रांनो! पुली दिवसभर किरकिरत होती. ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

शालनबाईंना पॅकिंगला बसवले. माझ्यापुढे देहूरोडची रश्मी आली. डिप्लोमा झालेली, हुशार मुलगी. दिग्विजयने तिला वेग वाढवायला लावला. तिच्या रिळाचा धागा चाचणीत दोन किलोमीटरलाच तुटला. आता दिग्विजय म्हणे, धागाच वाईट! तरी भरलेली चाळीस रिळे खोक्यांत बंद होत होती.

जेवणाच्या सुट्टीत रश्मी पॅकिंगच्या टेबलाशी गेली. "मावशी, माझा हात तर थरथरत नाही ना? मग तुटतं का?"

शालनबाई डबा उघडाच टाकून उठल्या. त्यांनी माझ्यापाशी येऊन पुलीच्या खाचेत बोट फिरवले. बोट लाल झाले.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "हे तर मीच वाहिलेलं कुंकू."

रश्मीने इकडेतिकडे पाहिले. "मावशी, गप्प बसा. मी पुसून टाकते. कोणाला कळायचं नाही."

"आन् ती चाळीस रिळं? कुणी तरी सैनिक ती भरवशानं उडवंल. येन वक्ताला तुटलं तर त्यानं काय करायचं?"

त्या तडक दिग्विजयकडे गेल्या आणि बोट दाखवले.

"म्हणजे चूक तुमचीच," तो म्हणाला.

"व्हय, माजीच. आधी खोकी थांबवा."

चाळीसच्या चाळीस रिळे बाद झाली. रश्मीने खाच स्पिरिटने धुतली. पुढचे रीळ माळावर शेवटपर्यंत सुटले, टाळ्या वाजल्या, लोकांनी ड्रोनसोबत फोटो काढले. माझ्यावर पाटी लागली: 'मशीनला हळदकुंकू लावू नये.' रोज पुसावे, असे मात्र कोणी लिहिले नाही. आणि खरे बोललेल्या शालनबाई अजून पॅकिंगलाच आहेत. रश्मी तेवढी रोज सकाळी खाच तपासायला त्यांना हाक मारते, "मावशी, आधी तुमचं बोट, मग माझं बटण."

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण पूजेनंतरही फडके हाती घ्या. ते कुरकुरले तर थांबून ऐका. आणि 'चूक माझी' म्हणणाऱ्या माणसाला कोपऱ्यात बसवू नका. नाहीतर पुढच्या वेळी कोणाचे बोट लाल झाले, तर ते मुकाट्याने पदराला पुसले जाईल.