माझी कथलाची कड

मित्रांनो, मी दूर पूर्वेकडच्या केलांतान प्रांतातल्या एका खेड्यातला म्हातारा भोवरा आहे. तुमच्या खिशात मावतो तसला नव्हे. मी जेवणाच्या ताटाएवढा रुंद आहे, आणि एके काळी मला उचलताना धट्टेकट्टे गडीसुद्धा गुडघे वाकवत. आता माझ्या अंगावर कथलाची कड नाही, त्यामुळे कुणीही मला एका हाताने उचलतो. ती कड कुठे गेली, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

तोक एम्बोंग नावाच्या आजोबांनी मला मेरबाऊच्या टणक बुंध्यातून कोरले. भोवती वितळलेले कथील ओतले, मधोमध लोखंडाची आर बसवली आणि मग कितीतरी दिवस मला घासत राहिले. तोल चुकला तर भोवरा घुमत नाही, नुसता कण्हतो, असे ते म्हणत.

भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात आमचे सामने भरत. मला फेकायचे पोक जुसोह. पोक म्हणजे काका, सारे गाव त्यांना तसेच म्हणे. माझ्याभोवती दोर गच्च गुंडाळून ते मला खांद्यावरून असे भिरकावत की माती उडे. लगेच त्यांचे जोडीदार पोक लेह धावत येऊन पातळ लाकडी फळीवर मला अलगद उचलत आणि बुटक्या खांबावर ठेवत. शेजारच्या खांबांवर इतर गावांचे भोवरे घुमत असत. ज्याचा भोवरा सर्वांत शेवटी आडवा पडेल, ते गाव जिंके. आम्ही तास-दीड तास घुमत असू, तोवर लोकांना दुसरा उद्योग नसे. ते कॉफी पीत, पानात बांधलेला भात खात, म्हशींचे सौदे करत. माझ्या एका घुमण्यात तर पोक लेहच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले! ते दिवस मला फार आठवतात.

पुढे गावातले तरुण कामासाठी सिंगापूरला गेले. वर्षातून दोन पिके निघू लागली, शेत मोकळे मिळेना. एके वर्षी तर दुसऱ्या एकाही गावाचा संघ आला नाही. तरी पोक जुसोहनी मला फेकले. मी एकटाच घुमलो आणि एकटाच पडलो. आम्ही जिंकलो होतो म्हणे.

त्यानंतर सौनाहच्या कॉफीच्या टपरीवर बैठक बसली. सौनाह ही पोक लेहची मुलगी, दोन पोरांची आई. खेळाचे पुढे काय करायचे, यावर बोलणे चालले होते.

शाळेचे मास्तर, चेगू वाहिद, म्हणाले, "आपण हलके भोवरे करू. पोरांना, बायकांना, सगळ्यांना फेकता येतील असे. मग गावोगाव संघ उभे राहतील."

पोक जुसोह उसळले. "हलका भोवरा? त्यापेक्षा बश्या फेका ना, चेगू! सौनाहकडे ढीगभर आहेत."

"माझ्या बश्यांना हात लावाल तर कॉफी बंद!" सौनाह म्हणाली.

सगळे हसले. पोक जुसोह तेवढे हसले नाहीत. मला काखेत मारून ते तरातरा निघून गेले.

पुढच्याच सरावाला पोक लेहना वाकायला उशीर झाला. फळी माझ्याखाली शिरलीच नाही. मी दगडांच्या दिशेने सरकू लागलो. आपटलो असतो तर दुभंगलोच असतो. तेवढ्यात सौनाह टपरीतून धावली, बापाच्या हातची फळी तिने घेतली आणि मला उचलून खांबावर ठेवले. मी डुललोसुद्धा नाही.

"कधी शिकलीस गं हे?" पोक जुसोहनी विचारले.

"जन्मभर बघतेय की! उचलता येतं मला, पोक. फेकायला गेले तर खांदाच निखळेल. मला पेलेल असा एक करून द्या ना."

"आता कथील कुठनं आणू?"

मी पडेपर्यंत पोक जुसोह माझ्या कथलाच्या कडेकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छिन्नी घेतली. "तोक एम्बोंग मला शिव्या घालतील," ते पुटपुटले.

"घालू देत," पोक लेह म्हणाले. "वर गेलो की दोघं मिळून ऐकू."

मित्रांनो, छिन्नी लागली तेव्हा दुखले, खोटे कशाला सांगू? माझी कड कढईत वितळली आणि काही चिमुकल्या भोवऱ्यांच्या अंगावर चढली. आपण आता पुन्हा खांबावर घुमणार नाही, हे मला कळून चुकले.

कापणीनंतर शाळेच्या मैदानावर सामना झाला. तीन गावांचे संघ आले, त्यात बायकाही होत्या. सौनाहने भोवरा फेकला आणि फळी घेऊन धावले ते चक्क पोक जुसोह! पहिल्या खेपेला त्यांना भोवरा उचलताच आला नाही.

"पोक, कंबर वाकवा जरा! झोप घरी गेल्यावर काढा," ती ओरडली.

आम्ही हरलो. मी आता टपरीवर कॉफीच्या किटलीखाली असतो, तिथूनच सारे ऐकले. पोक जुसोह घाम पुसत आत आले आणि चिडून म्हणाले, "ओल्या मातीमुळे गेलं. पुढच्या हंगामात बघतो एकेकाला!" पुढच्या हंगामाचे नाव त्यांनी किती वर्षांत काढले नव्हते.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या घरी एखादा जुना भोवरा असेल, तर त्याला पुसून कपाटात ठेवू नका. जाळी गुंडाळा आणि फेका. टवका उडाला तरी चालेल. आणि तो कुणाला जड होत असेल, तर त्या हाताला नावे ठेवू नका. त्या हाताचे माप घ्या आणि नवा घडवा. त्यासाठी आमचे अंग लागले, तर तेही घ्या.