सहा बोटांची शिवणारी बाई

हेडसर निवृत्त झाले आणि घराला शिस्त लावू लागले. फडताळातले डबे उंचीप्रमाणे उभे राहिले, दाराशी चपला रांगेत आल्या. बायकोने काही दिवस सोसलं, मग परस्पर त्यांचं नाव तैलरंगाच्या वर्गात घातलं.

वर्ग घेणाऱ्या चित्रकार बाईंनी एका जुन्या उस्तादाच्या चित्राची छापील प्रत भिंतीला लावली. खिडकीशी बसून शिवणारी बाई. "याची नक्कल करायची. जशीच्या तशी."

हेडसर ताडकन उठले. "नक्कल? अहो, हयातभर मी कॉपीबहाद्दरांना वर्गाबाहेर काढलंय!"

"मग आता आत बसा," बाई म्हणाल्या.

बसले. आधी पातळ तपकिरी रंगात सावल्या, त्या वाळल्यावर जाड रंग. खिडकी झकास जमली, कारण ती फूटपट्टीने आखली होती. घोडं अडलं ते शिवणाऱ्या हाताशी. काहीही केलं तरी त्याचा केळ्यांचा घडच व्हायचा.

शेजारी दातांची डॉक्टरीण बसायची. तिचा ब्रश झरझर चाले. हेडसरांना एकाएकी खोकला येऊ लागला, आणि खोकताना मान नेमकी तिच्या कॅनव्हासकडे वळू लागली.

चित्रकार बाई फिरत आल्या. डॉक्टरणीला म्हणाल्या, "दोऱ्याची सावली तुम्ही बोट समजलात. सहा झाली की!" मग हेडसरांच्या चित्रापुढे थबकल्या. "आणि ही हिची जुळी बहीण का?"

"योगायोग," हेडसर पुटपुटले. हे उत्तर त्यांनी नोकरीत कितीदा तरी ऐकलं होतं, मान्य एकदाही केलं नव्हतं.

घरी ते जेवायलाच उठेनात. बायकोने कारण खोदून काढलं, पोट धरून हसली आणि सुईदोरा घेऊन खिडकीशी बसली. "हा घ्या हात. बघा नीट."

"पण नक्कल उस्तादाची करायचीय."

"त्याच्या बाईलाही बोटं पाचच असणार ना?"

हेडसर बघू लागले. अंगठ्याखाली भाजल्याचा डाग होता. "हे कधी झालं?"

"तुमच्या सत्काराच्या दिवशी. सांगितलं होतं. तुम्ही भाषण पाठ करत होतात."

हेडसरांनी खुर्ची जवळ ओढली. या वेळी हात जमला, डागासकट.

पुरं झालेलं चित्र बायकोने लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. "हात माझा. पण चेहरा थेट वन्संचा झालाय. त्या आल्या म्हणजे काय सांगायचं?"

हेडसरांनी चष्मा पुसला. "उस्तादाची चूक आहे म्हणायचं."