स्वच्छ जखम

धाकट्याने सांडशीने भट्टीतला गज बाहेर काढला, तेव्हा तो अर्ध्यापर्यंत लाल झाला होता.

"हात पुढे कर."

भागीदार मागे सरकला. धाकट्याने कोपर हाणलं. ओठ फाटला आणि रक्ताची धार हनुवटीवरून शर्टात उतरली. दुसऱ्या फटक्याला तो गुडघ्यांवर आला.

"कोर्टाने सोडलंय मला," रक्त थुंकत तो म्हणाला.

"संशयाचा फायदा दिला तुला. निर्दोष आहेस की नाहीस, ते आता बघू."

वहिनी बंद शटरला पाठ लावून उभी होती. याच वर्कशॉपच्या मागे तिच्या नवऱ्याचं, धाकट्याच्या थोरल्या भावाचं, डोकं घणाने फोडलं होतं. आदल्या दिवशी त्याचं आणि धंद्यातल्या या भागीदाराचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पण खटला वर्षानुवर्षं रखडला. ज्याने भागीदाराला पळताना पाहिलं, तो साक्षीदार उलटला. शेवटी भागीदाराचा वकील हसत म्हणाला, "पुराव्याशिवाय शिक्षा हवी असेल, तर मध्ययुगातच जाऊ या. तापलेलं लोखंड हातात द्या, पट्टी बांधा, आणि तिसऱ्या दिवशी जखम चिघळलेली दिसली की चढवा फासावर!" न्यायाधीशही गालातल्या गालात हसले. धाकटा तेवढा हसला नाही.

आज भागीदार आपली हत्यारं न्यायला आला, तेव्हा भट्टी पेटलेलीच होती.

धाकट्याने त्याच्या तळव्यावर गज ठेवला आणि चामडी हातमोज्याने त्याची मूठ वरून दाबून धरली. मांस चरचरलं. किंकाळी पत्र्याच्या छपरावर आदळली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत राहिलं.

"वहिनी, पट्टी तू बांध. औषध मात्र लावायचं नाही. न्याय म्हणजे न्याय."

वहिनी इस्पितळात जळितांच्या वॉर्डात नर्स होती. जखम न धुता तिने आजवर कुणालाच पट्टी बांधली नव्हती. आज बांधली. तळव्याला चिकटलेला लोखंडाचा काळा कीस तिला स्पष्ट दिसत होता. त्याच्यावरूनच तिने पट्टी गुंडाळली आणि घट्ट गाठ मारली.

भागीदाराला मागच्या खोलीत पाइपला साखळीने बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी घेऊन गेली, तर तो तापाने फणफणला होता.

"चिघळणार हे," तो पुटपुटला. "चिघळायलाच पाहिजे."

तिने पाण्याचं भांडं पुढे केलं.

"मीच मारलं त्याला. चारचौघांत माझ्या कानाखाली वाजवली होती त्याने. पहिल्या घावात नाही गेला. पडल्या पडल्या तुला हाका मारत होता. त्या ऐकवेनात, म्हणून पुन्हा घातला."

वहिनीने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. त्याचा भाजलेला हात धरला आणि सगळं बळ एकवटून आवळला. तो ओरडलाही नाही. नुसता आ वासला आणि बेशुद्ध पडला.

ती उठली. दाराच्या फटीतून धाकटा दिसत होता. एकेक घण उचलून, हवेत फिरवून तो खाली ठेवत होता आणि दर वेळी तळवे पँटला पुसत होता. सकाळपासून त्याने दोनदा ओकारी काढली होती. ती लग्न होऊन घरात आली, तेव्हा हा शाळेत होता. आजारी पडला की तिच्याशिवाय कुणाच्या हातून औषध घ्यायचा नाही.

 तिने दार लोटून घेतलं, ड्यूटीची पिशवी उघडली आणि पट्टी सोडून जखम धुवायला बसली. किसाचा कण न् कण तिने चिमट्याने वेचून काढला.

तिसऱ्या दिवशी धाकट्याने घण जवळ घेऊन ठेवला. वहिनीने पट्टी उलगडली. कातडी गेली होती, पण पू नव्हता, वास नव्हता. धाकट्याने तो हात उजेडात धरून उलटसुलट पाहिला, पुन्हा पाहिला, आणि घण बाजूला सारला.

"चुकलं माझं," तो भागीदाराला म्हणाला. रडत होता. "माफ कर मला. पोलिसांत जायचं तर जा. मी नाही म्हणणार नाही."

त्याने साखळीचं कुलूप काढलं. भागीदाराने वहिनीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"भट्टीवर भाजलं," वहिनी नवी पट्टी गुंडाळत हळूच म्हणाली. "कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं. नाहीतर काल तू जे बोललास, ते मी याला सांगेन. जा."

तो भिंतीला धरत धरत गेला.

घरी आल्यावर धाकटा आंघोळ करून जेवायला बसला. किती दिवसांनी तो असा भुकेने जेवत होता. अर्ध्या ताटावर थांबला.

"वहिनी, याने नाही, तर मग दादाला मारलं कुणी गं?"

"पोलिसांना नाही कळलं," ती म्हणाली, "मला काय कळणार?" आणि त्याच्या ताटात आणखी वाढू लागली.